कोकणातली परसबाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागकामाचे बहुतेक व्हिडिओ आणि पुस्तकं घाटावरची हवा धरून केलेली असतात. त्यातलं वेळापत्रक कोकणात जसंच्या तसं वापरलं की आषाढात बी कुजतं आणि चैत्रात रोप करपतं. दापोली-रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. उरलेले आठ महिने विहिरीकडे बघत काढायचे. म्हणून इथली बाग पावसाळ्यात फुलत असली तरी तिची खरी तयारी मे महिन्यातच होते. पालघरपासून सावंतवाडीपर्यंत लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं खाली दिली आहेत.

आमच्या घराभोवती नुसता जांभा (लाल, भोकाभोकांचा कातळ) आहे. वर वीतभर माती. इथे काही लागेल का?

लागेल, पण खाली खणण्यापेक्षा वर चढा. कातळात सब्बल मारून केलेला उथळ खड्डा पावसात टाकीसारखा भरतो, पाण्याला बाहेर जायला वाट नसते आणि मुळं कुजतात. भाजीसाठी जांभ्याच्याच चिऱ्यांचे तुकडे कोरडे रचून दीड-दोन फूट उंचीचे वाफे करा. सिमेंट लावू नका, फटींतून पाणी निघायला हवं. तळाला वीतभर नारळाची सोडणं (वरची केसाळ सालं), त्यावर सुका पाला, त्यावर माती आणि शेणखत. पहिल्या पावसात हा थर बराच खाली बसतो, म्हणून वाफा काठोकाठ भरून ठेवा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा थोडी भर घाला.

मोठ्या झाडासाठी कातळातली भेग शोधायची. जिथे आपोआप करवंद, कुडा किंवा जांभूळ उगवलेलं दिसतं, तिथे खाली मुळांना वाट आहे असं समजावं. काजू, कोकम, आंबा, फणस अशा जागी तग धरतात. नारळ-पोफळीचा (पोफळ म्हणजे सुपारीचं झाड) मात्र कातळावर हट्ट धरू नये. त्यांची जागा खाली, आगरात, म्हणजे सखल वाडीत.

बाहेरून चांगली लाल माती आणली, शेणखत घातलं, तरी ऑगस्टपर्यंत पानं पिवळी पडतात. का?

कारण खत वाहून गेलं. आपली माती निचऱ्याची आहे, आणि त्यातून चार महिने सतत पाणी झिरपत राहिलं की नत्र आणि पालाश त्याच्याबरोबर खाली जातात. हेच घाटावरच्या काळ्या मातीत इतक्या वेगाने होत नाही. त्यामुळे जूनमध्ये एकदाच भरपूर खत देऊन मोकळं होण्याचा इथे उपयोग नाही. मूठमूठ, पंधरा-वीस दिवसांनी, पावसाची उघडीप बघून द्यायचं. जुलैच्या मुसळधार पावसात युरिया टाकणं म्हणजे तो शेजाऱ्याच्या पऱ्यात (ओढ्यात) सोडून देणं.

दुसरं कारण मातीचा आंबटपणा. जांभ्याची माती बहुतेक ठिकाणी आम्ल असते, तिचा सामू (पीएच) साधारण पाच ते साडेसहा. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं, झाडाला मिळू देत नाही. म्हणून स्फुरदाचं खत मोकळं विखरू नका. शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मिसळून मुळाजवळ ओळीत घाला. रॉक फॉस्फेट एरवी मंद असतं, पण आम्ल जमिनीत ते हळूहळू विरघळून लागू पडतं. चुलीतली राख असेल तर फेकू नका, वाफ्याला थोडी थोडी द्या, तिच्यात पालाशही असतो आणि आंबटपणाही जरा उतरतो. चुना मात्र माती तपासल्याशिवाय ओतू नका. खाडीकाठच्या जमिनीत तर चुन्याची गरजही नसते.

आणि एक फुकटचं खत दारात उभं असतं: गिरिपुष्प, ज्याला आपल्याकडे उंदीरमारीही म्हणतात. पावसाच्या तोंडावर जाड फांद्या गडग्याच्या (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) कडेने खोचल्या की कुंपण तयार होतं. मग पावसाळाभर त्याचा पाला कापून वाफ्यावर पसरायचा. पाला कोवळा, नत्राने भरलेला, आणि दोन-तीन आठवड्यांत कुजून जातो.

पावसाळी भाजीचं बी कधी पेरायचं? मृगात पेरलं तर वाहून जातं, उशीर केला तर गणपतीला काही मिळत नाही.

गणपतीपासून उलटं मोजा. भेंडी आणि काकडीला पहिलं फळ यायला पंचेचाळीस-पन्नास दिवस लागतात, दोडक्याला दोन महिन्यांच्या आसपास, पडवळाला त्याहून थोडे जास्त. लाल माठ महिन्याभरात तयार. ऋषिपंचमीच्या भाजीला परसातलंच सगळं हवं असेल तर वेलवर्गीय भाज्यांची रोपं मृग लागायच्या आत पडवीत तयार पाहिजेत.

त्यासाठी मेच्या शेवटच्या आठवड्यात करवंट्यांमध्ये बी टाका. करवंटीच्या तिन्ही डोळ्यांपैकी मऊ डोळा फोडला की पाणी निघायला भोक मिळतं. माती आणि जुनं शेणखत निम्मंनिम्मं. पागोळीखाली ठेवू नका, त्या धारेने माती उडून बी उघडं पडतं. रोपाला चार पानं आली आणि पाऊस स्थिर झाला की मांडवाखाली लावा. मोठी रोपं पहिल्या झोडपण्यातून वाचतात, नुकतं उगवलेलं बी वाचत नाही.

वाफे जमिनीपासून निदान वीतभर उंच आणि उताराला आडवे. दोन वाफ्यांमध्ये चर, आणि चराला बाहेर वाट. मांडव पाऊस सुरू होण्याआधीच घालून घ्या. भर पावसात खांब रोवणं त्रासाचं, आणि तोवर वेल जमिनीवर लोळून कुजायला लागलेला असतो. चिबूडही याच हंगामातला. त्याला मांडव नको, उंचवटा आणि खाली सुका पेंढा पुरे.

अळूची वेगळी तजवीज करावी लागत नाही. न्हाणीच्या पाण्याला लावलं की ते वर्षभर पुरतं. तिथेच केळही लावा. भरपूर कपड्यांचा सोडा असलेलं पाणी मात्र या दोघांनाही सोसत नाही.

टोमॅटो, वांगी, मिरची छान वाढतात आणि एके दिवशी हिरव्याहिरव्या मान टाकतात. पाणी कमी पडलं म्हणून जास्त घातलं, तरी मेलीच.

हा मर रोग आहे, जिवाणूमुळे होणारा, आणि उबदार, ओल्या, आम्ल जमिनीत तो जोरात असतो. म्हणजे नेमका आपल्या जमिनीत. खात्री करायची असेल तर मेलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा, त्याचा बोटभर तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगता धरा. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार पाण्यात उतरताना दिसली, तर मर नक्की. धार दिसली नाही तर बुरशी, वाळवी किंवा मूळ कुजणं अशी दुसरी कारणं बघा.

औषध फवारून हा रोग जात नाही, विक्रेता काहीही सांगो. तो मातीत राहतो. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही सगळी एकाच कुळातली, म्हणून एकाच्या जागी दुसरं लावून काही साधत नाही. आल्यालाही तो पकडतो. त्या वाफ्यात दोन-तीन वर्षं भेंडी, चवळी, काकडी, माठ असं दुसरं काही घ्या. मेलेली झाडं मुळासकट उपटून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. आणि त्या वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका. कोकणात रोग पसरवण्याचं निम्मं काम पाटाचं पाणी करतं.

बी निवडतानाच काळजी घेतली तर बरंच साधतं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का केशव, अर्का निधी, अर्का नीलकंठ या वांग्याच्या जाती आणि अर्का आभा, अर्का रक्षक हे टोमॅटो मर रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपंही आता मिळतात. हे काहीच मिळालं नाही तर टोमॅटो पिशवीत लावा, नवी माती भरून, आणि पिशवी विटांवर ठेवा. टोमॅटोचा आपला हंगाम तसाही दिवाळीनंतरचाच. पावसाळ्यात त्याच्या मागे लागणं मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो.

घर समुद्राच्या अगदी जवळ आहे. खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा जळतात. उपाय?

आधी वारा अडवा, मग झाडं लावा. लोक उलट करतात. पण अडवायला उंच भिंत बांधू नका: वारा भिंतीवरून उडी मारून आतल्या बाजूला भोवरा करतो आणि झाडं तिथेच मोडतात. वारा गाळून येईल अशी झाडांची रांग हवी. सुरू, उंडी, भेंड, करंज ही किनाऱ्याचीच झाडं आहेत, मीठ त्यांना नवं नाही. समुद्राकडून पहिली रांग त्यांची, त्यामागे नारळ, त्याच्या आडोशाला बाकी बाग. चांगली रांग स्वतःच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मंदावते. रांग वाढेपर्यंत दोन-तीन पावसाळे झापांचं कुंपण किंवा हिरवी जाळी लावून निभावता येतं.

आडोशामागे चिकू चांगला होतो. डहाणू-घोलवडच्या वाड्या समुद्रालगतच आहेत. आंब्याचा मोहर मात्र खाऱ्या वाऱ्याने करपतो, त्याला जितकं मागे नेता येईल तितकं न्या. भाज्यांत पालक, बीट आणि घोळ मीठ बऱ्यापैकी सोसतात. घेवडा, कांदा, गाजर यांना ते जमत नाही. मोठं वारं येऊन गेलं आणि मागून पाऊस आला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गोड्या पाण्याने पानं धुवून काढा.

पुळणीची (किनाऱ्याच्या वाळूची) माती असेल तर एक गंमत करून बघा. मुंबईच्या बाजारात बोटभर उंचीच्या, मुळांसकट विकल्या जाणाऱ्या समुद्रमेथीच्या जुड्या अशाच वाळूत होतात. दाट पेरायची, हलकं पाणी द्यायचं आणि पंधरवड्याच्या आसपास उपटून घ्यायची.

एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ होते. ते पाणी झाडांना चालेल का?

किती मचूळ, यावर आहे. घरात पाणी शुद्ध करायच्या यंत्राबरोबर येणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर तो बुडवून बघा. साडेचारशेच्या आत असेल तर निर्धास्त. साडेचारशे ते दोन हजारच्या मध्ये असेल तर सोसणाऱ्या झाडांना आणि तेही बेताने. दोन हजारच्या वर गेलं तर नारळाशिवाय कुणाला देऊ नका.

देताना पानांवर शिंपडू नका, बुंध्याशी द्या. रोज थोडं थोडं देण्यापेक्षा दोन दिवसांआड भरपूर द्या. थोडं पाणी वरच्या वर सुकतं आणि मीठ मुळांभोवती साठतं, भरपूर दिलं तर ते मुळांच्या खाली ढकललं जातं. आळ्यावर पाला पसरा, म्हणजे वाफ होऊन मीठ वर यायचं कमी होतं. एक गोष्ट कोकणाच्या बाजूची आहे. घाटावर खारवलेली जमीन वर्षानुवर्षं तशीच राहते, आपल्याकडे मृग-आर्द्राच्या पावसात साठलेलं मीठ दरवर्षी धुवून जातं. म्हणून मेपर्यंत झाड जिवंत ठेवलं की पुढचं काम पावसाचं.

उधाणाचं पाणी कुंपणात शिरलं असेल तरी हेच तत्त्व. आधी पाणी बाहेर काढायला वाट करा, जमीन खणून मोकळी करा आणि पावसाला आत धुवू द्या. त्या वर्षी तिथे भाजी लावू नका. शेताचा प्रश्न असेल तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती खाजण (खाडीलगतच्या खाऱ्या) जमिनीसाठीच आहेत.

विहीर मार्चमध्येच तळ गाठते. नवीन लावलेली झाडं कशी जगवायची?

नवीन झाड पहिली दोन वर्षं जगलं की पुढे बहुतेक स्वतःचं बघतं. त्या दोन उन्हाळ्यांपुरती सोय अशी: झाडापासून हातभर अंतरावर मडकं गळ्यापर्यंत पुरा, तळाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घाला, तोंडावर करवंटी झाका. आठवड्यातून दोनदा भरलं की पुरतं. झाकण विसरू नका, डास होतात.

त्याहून जुना उपाय सोडणांचा. नारळाच्या आळ्यात चर खणून सोडणं पोकळ बाजू वर करून दोन-तीन थरांत पुरायची आणि वर माती ओढायची. सोडण स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं आणि चार-पाच वर्षं टिकतं. हे काम पावसाच्या आधी केलंत तर सोडणं आपोआप भरून निघतात. बाजारातलं कोकोपीट वापरत असाल तर ते आधी दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या, त्यात मीठ असू शकतं.

आणि कृपा करून फाल्गुनात परसातला पाला जाळू नका. भाताच्या रोपांच्या राबासाठी शेतात पाला जाळून भाजावळ करणं निराळं. परसातला आंबा-फणसाचा पाला म्हणजे आळ्यांचं उन्हाळी पांघरूण, ते जाळून पुन्हा पैसे देऊन खत आणायचं, यात काय शहाणपण आहे?

पाला पसरला की साप येतात असं सासूबाई म्हणतात.

त्या म्हणतात ते अगदीच चूक नाही. आपल्या कातळ भागात फुरसं भरपूर आहे. ते दगडांच्या फटीत आणि पालापाचोळ्यात बसतं, आणि मातीच्याच रंगाचं असल्यामुळे दिसत नाही. म्हणून घराच्या पायऱ्या, तुळशीवृंदावन आणि जाण्यायेण्याच्या वाटेभोवती पाच-सहा फूट जमीन मोकळी ठेवा. पाला फक्त आळ्यांत, चार बोटं जाडीचा. चिरे उचलताना, गडग्यात तण काढताना हात घालायच्या आधी काठीने ढवळा. पायात बूट, हातात खुरपं. चावलंच तर मांत्रिक, आवळपट्टी, कापाकापी यात वेळ घालवू नका. थेट सरकारी रुग्णालय गाठा, सर्पदंशाची लस तिथेच मिळते.

वानर काहीच ठेवत नाहीत. काय लावावं?

या प्रश्नाला पक्कं उत्तर माझ्याकडेही नाही आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. फटाके, बुजगावणी, कॅसेटवरचे वाघाचे आवाज, सगळं आठ-पंधरा दिवस चालतं, मग वानरांना कळतं. टिकतात दोनच गोष्टी: माणसाची जाग आणि पिकाची निवड.

हळद, आलं, काळी मिरी, गवती चहा, दालचिनी, कढीपत्ता, मिरची यांच्याकडे वानर सहसा फिरकत नाही. सुरण आणि अळू खाजरे असल्यामुळे बरेचसे वाचतात. भेंडी, काकडी, केळी, पेरू, पपई लावायची तर घराला चिकटून, किंवा चारी बाजूंनी आणि वरून जाळी असलेल्या खोपटात. जाळी ताणून बसवा, सैल जाळीत पक्षी आणि साप अडकतात. कणगा-करांदे हे कंद मातीखाली असले तरी तिथे साळींदर आणि रानडुक्कर पोचतात, तेव्हा त्या बाजूचा गडगा डागडुजी करून ठेवा.

कुंपणात घरची वीज सोडण्याचा विचारही नको. तो गुन्हा आहे, आणि त्यात गुरं आणि माणसं मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. वन्यप्राण्यांनी पिकाचं, फळझाडाचं नुकसान केलं तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. नुकसानीचे फोटो लगेच काढून ठेवा, पंचनाम्याला उपयोगी पडतात.

पावसात मोठ्या शंखाच्या गोगलगाई एका रात्रीत रोपं फस्त करतात.

संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याशेजारी पसरून त्याखाली पपईची सालं किंवा कोबीची पानं ठेवा. पहाटे गोणपाट उचललं की सगळ्या एका जागी सापडतात. चिमट्याने किंवा हातात पिशवी घालून गोळा करा, उघड्या हाताने नको, त्यांच्या अंगावर माणसाला बाधणारे जंत असू शकतात. बादलीत मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका आणि मग खोल पुरा. वाफ्यातच मीठ फेकू नका, गोगलगाय मरेल पण मातीही बिघडेल. पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस नेमाने गोळा केल्या तर अंडी घालायच्या आधीच संख्या आटोक्यात येते.

काकडी, कारली, पडवळ आतून किडतात. फवारणी न करता काय करता येईल?

ही फळमाशी. कोवळ्या फळाच्या सालीखाली ती अंडी घालते, मग बाहेरून काहीही फवारलं तरी आतल्या अळीला ते पोचत नाही. उपाय सापळ्याचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा यासाठीच आहे. घेताना एक बघा: माशीला ओढणारी गोळी वेलभाज्यांसाठी क्यू ल्यूरची लागते आणि आंब्यासाठी मिथिल युजेनॉलची. दुकानदार हाताला येईल ती देतो आणि मग लोक म्हणतात सापळ्याचा उपयोग नाही. मांडवाला पहिली फुलं दिसली की लगेच टांगा. किडकी फळं खाली पडू देऊ नका, पडलेली फूटभर खोल पुरा. थोडीच फळं असतील तर कोवळी असतानाच कागदी किंवा कापडी पिशवी बांधणं सगळ्यांत सोपं.

बोर्डो मिश्रण घरी करता येतं का?

येतं, आणि पोफळीची महाली (फळं कुजून गळण्याचा रोग) किंवा मिरवेलीची मर (ही बुरशीची, वांगी-टोमॅटोची जिवाणूची नव्हे) येऊ नये म्हणून पावसाआधी ते हवंच. एक टक्का मिश्रणासाठी शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चांगला कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, चुना वेगळ्या पाच लिटरमध्ये विरवून गाळून घ्या. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडी अजिबात नकोत. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतत काठीने ढवळत राहा. रंग आकाशी येतो. त्यात स्वच्छ लोखंडी पातं किंवा खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर बसला तर मोरचूद जास्त आहे, तसंच मारलं तर पानं जळतील. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

पोफळीच्या शिंपुटांवर (घडांवर) पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी आणि दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप बघून. पालेभाजीवर हे मारू नका.

नारळाच्या पात्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात.

गेंड्या भुंगा. तो गाभ्यात शिरून कोवळी, न उलगडलेली झावळी कुरतडतो, ती पुढे उघडली की असे कोन दिसतात. त्याची अळी तुमच्याच शेणखताच्या खड्ड्यात वाढते, म्हणून औषधाआधी खड्डा बघा. दर दोन-तीन महिन्यांनी खत उलटंपालटं करा, पांढऱ्या जाड अळ्या वेचून कोंबड्यांना द्या. पडलेल्या माडाचं कुजकं खोड आवारात ठेवू नका. लहान माडाच्या वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यात डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घाला. भोक ताजं असेल तर तारेच्या आकडीने भुंगा ओढून काढता येतो.

त्याच जखमेतून पुढे सोंड्या भुंगा शिरतो आणि तो झाड मारतो. खोडातून तपकिरी चिकट रस गळताना दिसला तर तो आत आहे असं समजा आणि लगेच जाणत्याला दाखवा. म्हणून माडावर चढायला खाचा पाडणं, हिरव्या झावळ्या तोडणं बंद करा.

नारळाला मीठ घालावं का, हेही सगळे विचारतात. नारळाला क्लोरीन लागतं हे खरं, पण म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशाचं खत देत असाल तर त्यातून ते मिळतंच. वेगळं मीठ नको.

दारात एक तरी हापूस हवाच ना?

हौस असेल तर लावा. पण घरात एकच आंबा लावायचा आणि दरवर्षी खायचा असेल तर मी ‘रत्ना’ सांगेन. नीलम आणि हापूसच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये ती जात दिली. ती जवळपास दरवर्षी धरते आणि फळात साका (गरातला पांढरट, आंबट डाग) होत नाही. हापूस एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो. चवीची तुलना करत बसू नका, त्या वादाला अंत नाही.

आम्ही मुंबईला असतो. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच गावाला जाणं. काही लावण्यात अर्थ आहे का?

आहे, पण भाजी नको. कोकम लावा, त्याला नंतर पाणी लागत नाही. मात्र कलमच घ्या, ‘कोकण अमृता’सारखं. बियांपासूनची निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. काजूची वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ही कलमं तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून देऊ लागतात. सुरण आणि हळद मेमध्ये लावून जा, काढणीला शिमग्याच्या सुमारास या. आधीपासून माड असतील तर जूनच्या पावसात त्यांच्या बुंध्याशी, उत्तर-पूर्व अंगाला, मिरीच्या काड्या लावा.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत मडकी भरायला कुणीतरी लागेल, आणि त्या माणसाला मोबदला ठरवून द्या, नुसत्या शब्दावर ठेवू नका. दिवाळीनंतर आलात तर कुंपणाच्या कडेचं गवत सहा-सात फूट रुंदीत काढून टाका. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वणवा येतो तो गवतातूनच, आणि लहान काजू त्यातून वाचत नाही.

निसर्ग वादळात आगर गेलं. पुन्हा लावताना काय बदलावं?

३ जून २०२० ला श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडकडच्या वाड्या झोपल्या, आणि पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आलं. पोफळ-नारळाच्या आगरात पन्नास-साठ वर्षांची झाडं गेली, ती परत यायला तेवढाच काळ जाणार.

सगळं क्षेत्र एकदम एकाच पिकाने भरू नका. नारळ साडेसात मीटर अंतरावर, मध्ये केळी आणि अननस लगेचच्या उत्पन्नासाठी, सावली झाली की जायफळ, दालचिनी आणि माडावर मिरी. विद्यापीठाची ‘लाखी बाग’ याच पद्धतीची आहे. नुसती पोफळ उघड्यावर लावू नका. समुद्राच्या अंगाला आधी उंडी-करंजाची रांग. आंबा-फणसाचा विस्तार दाट झाला असेल तर वादळी हंगामाआधी आतल्या फांद्या विरळ करा, म्हणजे वारा आरपार जाईल. कललेला लहान माड किंवा आंबा दोन-चार दिवसांत सरळ करून, माती दाबून, तीन बाजूंनी टेकू दिला तर बरेचदा धरतो. उघडी मुळं तोवर ओल्या गोणपाटाने झाका.

रत्नागिरीत फ्लॅट आहे, फक्त गॅलरी. पावसात कुंड्या भरून वाहतात.

कुंडीत नुसती लाल माती भरू नका, ती पावसात दाबून विटेसारखी होते. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि थोडा विटांचा चुरा किंवा भाताचा तूस. किनाऱ्यावरची वाळू आणू नका. कुंड्या विटांवर उचलून ठेवा आणि पावसाळ्यात खालच्या ताटल्या काढून टाका. पश्चिमेच्या गॅलरीत अळू, पुदिना, गवती चहा, मायाळूचा वेल. गुलाबाचा नाद जून ते सप्टेंबर सोडा.

माती कुठे तपासायची? सल्ला कुणाला विचारायचा?

दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्याचं वेंगुर्ल्याचं केंद्र आंबा-काजूसाठी, रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं नारळासाठी. कलमं शक्यतो तिथल्या किंवा सरकारमान्य रोपवाटिकेतूनच घ्या. रस्त्याकडेच्या गाडीवरच्या ‘चार महिन्यांत फळ’वाल्या रोपांना हात लावू नका. माती द्यायची तर मेमध्ये, खत घालण्याआधी. आवारात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खणून माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत. खाडीकडची आणि कातळाकडची माती एकत्र करू नका.

तुळस दर पावसाळ्यात मरते. काही वाईट लक्षण तर नाही?

नाही. मुळात पाणी साचतं म्हणून मरते. वृंदावनाच्या तळाचं भोक मातीने बुजलेलं असतं, ते मेमध्ये सळईने मोकळं करा, वरच्या मातीत निम्मी जाड वाळू मिसळा. मंजिऱ्या वरचेवर खुडा. त्यातल्या थोड्या वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा आणि एक-दोन रोपं पडवीत कुंडीत वाढवा. वृंदावनातली गेली तर नवरात्राच्या सुमारास ती लावा, तुळशीच्या लग्नापर्यंत फुटवे येतात.